मानवी श्वान आणि मानवी घोडे: किंक समुदायांतील प्राणी-भूमिकेविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रौढ माणसे परस्परांच्या संमतीने काही काळ कुत्रा, घोडा किंवा मांजर होतात, हे वाचल्यावर बहुतेकांची पहिली प्रतिक्रिया हसण्याची असते आणि दुसरी किळसेची. या दोन्ही प्रतिक्रिया काही शतके जुन्या आहेत आणि या विषयाचा जो इतिहास आपल्या हाती आला आहे तोही मुख्यतः हसणाऱ्यांनी आणि किळस वाटणाऱ्यांनीच लिहिलेला आहे. तो इतिहास तसा का आहे आणि भूमिका घेणारी माणसे स्वतः काय सांगतात, हे दोन्ही पुढील उत्तरांत मांडले आहे.

प्राणी-भूमिका म्हणजे नेमके काय?

किंक म्हणजे रूढ चाकोरीबाहेरची, बहुधा लैंगिक, आवड; प्राणी-भूमिका हा तिच्यातला एक प्रकार. दोन किंवा अधिक प्रौढ व्यक्ती आधी बोलून काही गोष्टी ठरवतात आणि मग त्यांपैकी एक किंवा अनेक जण ठरलेल्या वेळेपुरते एखाद्या प्राण्यासारखे वागतात. कुत्र्याच्या भूमिकेला पप प्ले, घोड्याच्या भूमिकेला पोनी प्ले आणि मांजराच्या भूमिकेला किटन प्ले म्हणतात. या सर्वांना मिळून पेट प्ले असे नाव आहे. जो माणूस प्राण्याला सांभाळतो, शिकवतो किंवा त्याच्याशी खेळतो त्याला पप प्लेमध्ये हँडलर आणि पोनी प्लेमध्ये ट्रेनर म्हणण्याचा प्रघात आहे. ‘पप’ हा शब्द पिल्लासाठी असला, तरी त्यात लहान वयाचा कोणताही अर्थ अभिप्रेत नाही. साठीतला माणूसही स्वतःला पपच म्हणवतो. या प्रकारात अल्पवयीनांना कोणतेही स्थान नाही.

बाहेरून पाहणाऱ्याला शेपटी, मुखवटा आणि गळ्यातला पट्टा आधी दिसतो. भूमिका घेणारे मात्र सर्वांत आधी बोलणे बंद होण्याविषयी सांगतात. शब्द गेले की भुंकणे, खिंकाळणे, डोके घासणे, मान वाकडी करून पाहणे एवढीच भाषा उरते आणि या प्रकारातील बहुतेक सगळे काही त्या उरलेल्या भाषेतून घडते.

यात खऱ्या प्राण्यांचा संबंध असतो का?

नाही. सगळे सहभागी माणसेच असतात. प्राण्यांशी लैंगिक व्यवहार ही वेगळी बाब आहे. प्राणी संमती देऊ शकत नाही, म्हणून संमतीवर उभ्या असलेल्या या समुदायांत तिला थारा नाही. हा गैरसमज सर्वांत जास्त त्रास देणारा आहे, म्हणून तो इथेच स्पष्टपणे दूर केलेला बरा.

हा प्रकार किती जुना आहे?

त्याच्या खुणा तरी बऱ्याच जुन्या आहेत. तेराव्या शतकातील युरोपात एक कथा फार लोकप्रिय होती. तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल आपला शिष्य अलेक्झांडर याला फिलिस नावाच्या सुंदरीपासून दूर राहण्याचा उपदेश करतो; फिलिस त्याचा सूड म्हणून म्हाताऱ्या गुरूलाच मोहात पाडते आणि बागेत त्याच्या पाठीवर बसून त्याला घोड्यासारखे चालवते, तर अलेक्झांडर हे सगळे पाहत असतो. ऐतिहासिक ॲरिस्टॉटलशी या कथेचा संबंध नाही. प्रवचनकारांनी ती स्त्रियांच्या मोहापासून सावध राहण्यासाठी सांगितली, पण चित्रकार आणि धातुकारांना तिच्यातले दृश्यच अधिक भावले असावे, असे त्यांच्या कलाकृती पाहताना वाटते. जर्मन चित्रकार हान्स बाल्डुंग ग्रीन याने १५१३ मध्ये केलेल्या लाकूडठशाच्या चित्रात ॲरिस्टॉटलच्या तोंडात लगाम आहे आणि फिलिसच्या हातात चाबूक. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात याच प्रसंगाचे, चौदाव्या-पंधराव्या शतकाच्या संधिकाळातले, धातूचे एक जलपात्र आहे. जेवणाआधी पाहुण्यांच्या हातावर पाणी घालण्यासाठी अशी पात्रे वापरत असत. म्हणजे जो प्रसंग धर्मोपदेशात पाप म्हणून सांगितला जाई, तोच जेवणाच्या मेजावर करमणूक म्हणून मांडलेला असे.

कुत्र्याच्या भूमिकेचे त्याहून स्पष्ट चित्र इंग्लिश रंगभूमीवर सापडते. टॉमस ऑटवे याच्या १६८२ मधील व्हेनिसविषयक शोकनाट्यात अँटोनियो नावाचा एक म्हातारा सिनेटर ॲक्विलिना या गणिकेच्या घरी जातो, आधी बैल होतो, मग कुत्रा होऊन टेबलाखाली शिरतो, भुंकतो, तिला चावायला धावतो आणि लाथा मारण्याची विनवणी करतो. अखेर ती चाबूक आणून त्याला बाहेर हाकलते. हा सिनेटर म्हणजे त्या काळचे राजकारणी अर्ल ऑफ शॅफ्ट्सबरी यांचे विडंबन आहे, असे अभ्यासक मानतात. प्रेक्षकांना या दृश्याचा अर्थ लगेच कळत होता, हे इथे महत्त्वाचे आहे. जे कोणीच कधी ऐकले नाही त्याचे विडंबन करून उपयोग नसतो.

तरीही या पुराव्यांवरून तेराव्या शतकात पोनी प्ले होता असे म्हणणे घाईचे ठरेल. कल्पना होती, तिच्यातली गंमत आणि तिच्यातला अपमान लोकांना समजत होता, एवढेच त्यातून सिद्ध होते. ती प्रत्यक्षात आणणारी माणसे स्वतःविषयी काय विचार करत होती, हे प्रवचनकाराने किंवा नाटककाराने नोंदवलेले नाही.

वैद्यकशास्त्राने याकडे केव्हा लक्ष दिले?

ऑस्ट्रियात काम करणारे मनोविकारतज्ज्ञ रिखार्ड फोन क्राफ्ट-एबिंग यांनी १८८६ मध्ये लैंगिक विकृतींचा जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याच्या पुढील आवृत्त्यांमधून ‘मॅसोकिझम’ (वेदना किंवा अपमान सोसण्यातून मिळणारे लैंगिक सुख) हा शब्द रूढ झाला. त्यात घोड्यासारखे स्वतःवर स्वार करवून घेण्याची इच्छा असलेल्या पुरुषांच्या हकिगती आहेत. प्रवचनकाराचे पाप आणि नाटककाराचा विनोद आता डॉक्टरांचे प्रकरण झाले. या हकिगतींमध्ये माणसांचे स्वतःचे शब्द काही प्रमाणात पहिल्यांदाच छापले गेले, ही त्यांची जमेची बाजू आहे. ते शब्द रुग्णाचे म्हणून छापले गेले, ही त्यांची मर्यादा.

पोनी प्लेचे आजचे रूप कुठून आले?

लगाम, डोळ्यांवरची झापडे, डोक्यावरचा पिसांचा तुरा, टापांच्या आकाराचे बूट आणि मागे जोडलेली छोटी गाडी, हे आज सर्वांना ओळखू येणारे दृश्य घडवण्यात जॉन विली या चित्रकाराचा वाटा फार मोठा आहे. त्यांचे खरे नाव जॉन अलेक्झांडर स्कॉट कूट्स; त्यांचा जन्म १९०२ मध्ये सिंगापूरमध्ये, ब्रिटिश कुटुंबात झाला. १९४६ ते १९५९ या काळात निघालेल्या त्यांच्या ‘बिझार’ या नियतकालिकातील चित्रांनी मानवी घोड्याला डौल दिला. ॲरिस्टॉटलच्या चित्रात रांगणारा म्हातारा हास्यास्पद दिसतो, तर विलींच्या चित्रातील घोडा ताठ उभा असतो आणि त्याची मान उंच असते. पोनी प्लेमध्ये अपमानापेक्षा डौलाला, शिस्तीला आणि चालीला महत्त्व मिळण्याची वाट या चित्रांनी मोकळी केली, असे माझे मत आहे.

या नियतकालिकात वाचकांची पत्रेही छापली जात. दूरदूरच्या गावांत एकेकटी राहणारी माणसे त्या पत्रांतून एकमेकांना भेटत होती. संकेतस्थळांच्या आधी हे काम टपालखात्याने केले.

पप प्लेचा उगम कुठे आहे?

त्याचा उगम मुख्यतः अमेरिकेतील समलिंगी पुरुषांच्या लेदर समुदायात आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर सैन्यातून परतलेल्या अनेक तरुणांना समलिंगी पुरुष म्हणजे बायकी पुरुष, हे समीकरण मान्य नव्हते. त्यांनी मोटारसायकल क्लब काढले, चामड्याची जाकिटे आणि बूट हा आपला पोशाख केला. लॉस एंजेलिसचा सॅटर्स हा क्लब १९५४ चा आहे. शिकागोत चक रेन्स्लो यांनी चालवलेला गोल्ड कोस्ट हा बार या संस्कृतीचे एक केंद्र ठरला आणि १९७९ मध्ये त्याच शहरात इंटरनॅशनल मिस्टर लेदर ही स्पर्धा सुरू झाली.

लष्करी शिस्त अंगात मुरलेल्या या वर्तुळांत वर आणि खाली अशा पायऱ्या ठरलेल्या असत. तिथे कुत्रा होणे ही बहुधा शिक्षा किंवा मानखंडना असे: चूक करणाऱ्याने चार पायांवर चालायचे, जमिनीवरच्या भांड्यातून खायचे, दाराशी झोपायचे. त्या काळातील माणसांच्या आठवणींमध्ये कुत्रा हा सगळ्यात खालच्या पायरीवर आहे. खेळणारा, उड्या मारणारा, चेंडूमागे धावणारा आजचा पप त्या आठवणींत क्वचितच भेटतो.

मग शिक्षेचा खेळ कसा झाला?

याला एकच कारण नाही. १९८० च्या दशकात एड्सने लेदर समुदायातील अनुभवी पिढी मोठ्या प्रमाणात हिरावून नेली आणि वडीलधाऱ्याने नवख्याला शिकवण्याची साखळी अनेक ठिकाणी तुटली. मागून आलेल्यांना जुन्या पायऱ्या तितक्या पवित्र वाटल्या नाहीत. त्यानंतर इंटरनेट आले, त्यामुळे लेदर बारमध्ये कधीही पाऊल न टाकलेल्या तरुणाला घरी बसून पप प्लेविषयी वाचता आले आणि आपल्यासारख्या इतरांशी बोलता आले.

तिसरे कारण वस्तूंचे आहे आणि ते कमी महत्त्वाचे नाही. कुत्र्याच्या तोंडाच्या आकाराचे निओप्रीनचे हूड, म्हणजे डोके आणि चेहरा झाकणारे मुखवटे, बाजारात आले. सॅन फ्रान्सिस्कोच्या मिस्टर एस लेदर या दुकानाचे हूड तर जगभर ओळखीचे झाले. निओप्रीन हे पाणबुड्यांच्या पोशाखाचे कापड. ते चामड्यापेक्षा हलके आणि स्वस्त असते, धुता येते आणि चटकदार रंगांत मिळते. काळ्या चामड्यातला गंभीर पुरुष आणि निळ्या-पिवळ्या हूडमधला, कान उभे असलेला पप यांच्यातला फरक पाहणाऱ्यालाही जाणवतो आणि घालणाऱ्यालाही. हूडने चेहरा झाकला जातो, म्हणून प्राइडच्या मिरवणुकीत चालण्याचे धैर्यही अनेकांना त्यानेच दिले. पप समुदायाचा स्वतंत्र झेंडाही आहे: काळे, पांढरे व निळे तिरके पट्टे आणि त्यांवर लाल हाड.

२०१६ मध्ये ब्रिटनच्या चॅनल ४ या वाहिनीने मानवी श्वानांवर माहितीपट दाखवला आणि हा प्रकार एका रात्रीत वृत्तपत्रांच्या मथळ्यांत आला. कुतूहल आणि चेष्टा दोन्ही वाढले.

माणसाला यातून काय मिळते?

या प्रश्नाचे उत्तर अनेक शतके इतरांनीच दिले. आता तो प्रश्न थेट भूमिका घेणाऱ्यांनाच विचारला गेला आहे. लियम विग्नॉल आणि मार्क मॅकॉर्मॅक या संशोधकांनी ब्रिटनमधील ३० समलिंगी आणि उभयलिंगी पुरुषांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या. त्यांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. डॅरन लँगड्रिज आणि जेमी लॉसन यांच्या २०१९ च्या अभ्यासात ६८ जणांनी लेखी उत्तरे दिली आणि त्यांपैकी २५ जणांच्या मुलाखती झाल्या. त्यातून पाच सूत्रे पुढे आली: लैंगिक सुख, विश्रांती आणि स्वतःपासून सुटका, प्रौढपणी मनमोकळे खेळणे आणि शरीराचा जिवंतपणा, स्वत्वाचा विस्तार, नाती आणि समुदाय.

त्यातले दुसरे सूत्र मला सर्वांत बोलके वाटते. दिवसभर निर्णय घेणाऱ्या, ईमेलना उत्तरे देणाऱ्या, घराचे हप्ते मोजणाऱ्या माणसाला अर्धा तास फक्त समोरचा चेंडू आणि ओळखीचा आवाज एवढेच जग मिळते. कुत्र्याला उद्याची चिंता नसते. या मनःस्थितीला पप ‘पपस्पेस’ किंवा ‘हेडस्पेस’ म्हणतात आणि ती येण्यासाठी वेळ लागतो, असे सांगतात: गुडघ्यांवर पॅड चढतात, हातांवर बोटे झाकणारे जाड पंजे येतात, मग हूड येते आणि त्यानंतर केव्हातरी शब्द मागे पडतात. पंजे घातले की फोन उचलता येत नाही, हा तपशील क्षुल्लक नाही.

पोनी प्ले करणाऱ्यांचे समाधान वेगळ्या ठिकाणी असते. पाय उंच उचलत एका लयीत चालणे, दुडकी चाल न मोडणे, लगामाच्या हलक्या इशाऱ्यावर वळणे, यात सराव लागतो. अनेक पोनी याचे वर्णन नर्तक किंवा खेळाडू जसे करील तसे करतात. काहींना गाडी ओढायला आवडते, काहींना पाठीवर स्वार घ्यायला, तर काहींना सजून प्रदर्शनात चालायला. एकाच माणसाला तिन्ही आवडतीलच असे नाही.

म्हणजे हे नेहमी लैंगिकच असते का?

काहींसाठी नेहमी, काहींसाठी कधीतरी, काहींसाठी अजिबात नाही. वरील दोन्ही अभ्यासांत लैंगिक आणि बिगरलैंगिक असे दोन्ही अनुभव नोंदले आहेत आणि एकाच व्यक्तीचा अनुभव दिवसागणिक बदलतो. पप एकत्र जमतात तेव्हा जमिनीवर गाद्या अंथरून नुसते लोळणे, कुस्ती आणि खेळण्यांची ओढाताण चालते. याला ते ‘मॉश’ म्हणतात. लहान मुलांचा दंगा पाहिलेल्या कोणालाही ते दृश्य ओळखीचे वाटेल.

कॉलर, पॅक, स्ट्रे या शब्दांचे अर्थ काय?

कॉलर म्हणजे गळ्यातला पट्टा. तो हँडलरने दिला असेल तर ती नात्याची खूण असते आणि काही जण मंगळसूत्र किंवा लग्नाची अंगठी जपावी तितक्या गांभीर्याने ती जपतात. दुसऱ्याच्या कॉलरला न विचारता हात लावणे असभ्य मानले जाते. पॅक म्हणजे एकमेकांना कुटुंब मानणाऱ्या पपांचा गट. ज्याला हँडलर नाही तो स्ट्रे, म्हणजे भटका. आपल्याकडे भटका कुत्रा म्हटले की हेटाळणी येते. तिथे अनेक जण स्वखुशीने आणि आनंदाने स्ट्रे राहतात.

फरी समुदाय आणि हा समुदाय एकच आहेत का?

नाहीत. फरी समुदाय विज्ञानकथा, व्यंगचित्रे आणि ॲनिमेशन यांच्या चाहत्यांमधून वाढला. त्याचे पहिले स्वतंत्र संमेलन १९८९ मध्ये कॅलिफोर्नियात झाले. फरी माणसे बहुधा स्वतःचे एक पात्र निर्माण करतात, जे प्राणी असूनही बोलते, चालते आणि कपडे घालते. पप मात्र बोलणे सोडतो. दोन्हींकडे वावरणारी माणसे आहेत, परंतु फरी समुदायाचा मूळ धागा चाहतेपणाचा आणि कलेचा आहे, किंकचा नव्हे.

बोलता येत नसेल, तर संमती आणि सुरक्षितता कशी सांभाळतात?

हा सर्वांत व्यावहारिक प्रश्न आहे. बीडीएसएम (बंधन, शिस्त, वर्चस्व-समर्पण आणि वेदना यांचे संमतीने चालणारे प्रकार) समुदायांत ‘सुरक्षित, विवेकी आणि संमतीने’ हे सूत्र न्यूयॉर्कच्या एका समलिंगी पुरुषांच्या संघटनेतून १९८३ मध्ये पुढे आले. कोणतीच गोष्ट पूर्ण सुरक्षित नसते, हे ओळखून १९९९ मध्ये ‘धोक्याची जाण ठेवून संमतीने’ असे दुसरे सूत्र सुचवले गेले. प्राणी-भूमिकेत तोंडात लगाम असू शकतो किंवा माणूस शब्दांच्या पलीकडे गेलेला असू शकतो, म्हणून केवळ सेफवर्ड, म्हणजे ‘थांबा’ हे सांगणारा ठरलेला शब्द, ठरवून भागत नाही. हातात धरलेला चेंडू सोडून देणे, पायाने तीन वेळा जमीन ठोकणे, ठरावीक पद्धतीने तीनदा हुंकारणे असे इशारे आधी ठरवतात आणि ते करूनही पाहतात. माणूस भूमिकेत शिरल्यावर नवी परवानगी मागायची नाही, हा नियम अनुभवी हँडलर पाळतात, कारण त्या अवस्थेतला होकार नीट विचार केलेला नसतो.

शरीराचे नियमही आहेत. माणसाचा कणा आडव्या स्थितीत वजन पेलण्यासाठी घडलेला नाही, त्यामुळे रांगणाऱ्याच्या पाठीच्या मधोमध बसणे धोक्याचे असते. उभ्या माणसाच्या कमरेवर किंवा खांद्यांवर स्वार होणे, किंवा गाडी ओढणे, त्या मानाने बरे. पॅडशिवाय गुडघ्यांवर तासभर रांगल्यास सूज येते. हूडमध्ये घाम साचतो, श्वास जड होतो, म्हणून पाणी आणि विश्रांती अधूनमधून द्यावी लागते. गळ्याच्या पट्ट्याला दोरी लावून जोरात ओढणे कधीही करू नये. ओढायचेच असेल तर छातीवरचा हार्नेस वापरतात. आणि भूमिका संपल्यावर एकदम उठून घरी जायचे नसते. शब्द परत यायला थोडा वेळ लागतो. तेवढा वेळ सोबत बसणे, हा खेळाचाच भाग मानतात.

हा मानसिक आजार आहे का?

संमतीने केलेली प्राणी-भूमिका म्हणजे आजार नव्हे. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मधील निदानपुस्तिकेत वेगळी लैंगिक आवड आणि लैंगिक विकार यांत भेद केला: त्या आवडीमुळे व्यक्तीला स्वतःला त्रास होत असेल किंवा इतरांना इजा होत असेल, तरच विकाराचा विचार होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणातून संमतीने होणारा सॅडोमॅसोकिझम (वेदना देण्या-घेण्यातले लैंगिक सुख) आणि फेटिशिझम (एखाद्या वस्तूविषयीचे लैंगिक आकर्षण) ही स्वतंत्र निदाने काढून टाकली आहेत.

जेजुरीचा वाघ्या स्वतःला खंडोबाचा कुत्रा म्हणवतो. त्याचा याच्याशी संबंध आहे का?

हा प्रश्न मराठी माणसाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. खंडोबाच्या परंपरेत वाघ्या देवाचा कुत्रा होतो. कर्नाटकात मैलारलिंगाचे गोरव कुत्र्यासारखे भुंकतात आणि भांड्यातले दूध तसेच पितात. पण ही देवाशी असलेली निष्ठा आहे, नवसाने आणि कुळाने आलेली आहे, आणि तिचा अर्थ त्या भक्तीच्या आतच लागतो. तिला किंकच्या चौकटीत बसवणे चूक आहे आणि भक्तांचा अवमान करणारेही आहे. एवढे मात्र त्या परंपरेवरून कळते, की कुत्रा होणे म्हणजे केवळ हीन होणे, हा अर्थ सर्वत्र एकसारखा नाही; मालकाशी असलेले इमान ही कुत्र्याची मोठी बाजू अनेक संस्कृतींनी ओळखली आहे.

भारतात कायदा काय सांगतो?

प्राणी-भूमिकेविषयी स्वतंत्र कायदा नाही. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नवतेजसिंग जोहर खटल्यात प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून काढले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २५ नुसार, अठरा वर्षांवरील व्यक्तीने संमती दिलेली आणि मृत्यू किंवा गंभीर दुखापत होण्याचा हेतू वा संभव नसलेली कृती, तिच्यामुळे इजा झाली तरी, केवळ त्या इजेमुळे गुन्हा ठरत नाही. गंभीर दुखापतीला ही सवलत नाही. अश्लील मजकूर किंवा चित्रे इंटरनेटवर प्रसिद्ध करणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली गुन्हा आहे, हेही लक्षात ठेवावे. आपल्याकडे द किंकी कलेक्टिव्ह हा गट बीडीएसएम आणि संमती यांविषयी जाणीवजागृतीचे काम करतो.

या समुदायाचा स्वतःचा इतिहास कुठे जपला आहे?

शिकागोमध्ये लेदर आर्काइव्हज अँड म्युझियम ही संस्था १९९१ मध्ये चक रेन्स्लो आणि टोनी डिब्लेस यांनी स्थापन केली. लेदर समुदायाचा झेंडा तयार करणारे डिब्लेस हेच. ज्यांच्या मृत्यूनंतर नातेवाइकांनी जाकिटे, पत्रे आणि छायाचित्रे लाजेखातर जाळली असती, त्यांचे ऐवज कोठेतरी सुरक्षित राहावेत, ही निकड एड्सच्या वर्षांत सर्वांनाच कळली होती. तिथे आता क्लबांची वार्तापत्रे, वहाणा, पट्टे आणि वैयक्तिक टिपणे एकत्र आहेत. प्रवचनकार, नाटककार, डॉक्टर आणि वाहिन्या यांनी या माणसांविषयी जे लिहिले त्याच्या शेजारी आता त्यांनी स्वतः लिहिलेलेही ठेवलेले आहे.